साबण सोडून सगळं

"केतकी, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता बाहेर ये, नाहीतर मी गॅलरीतल्या कुंडीत बसेन."

आतून क्षीण आवाज आला, "तुळशीच्या नको. कोरफडीच्या बस."

ओरडत होते ती मी, प्राजक्ता. गाव ब्रह्मपुरी. आमच्याकडे या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची पद्धत, त्यामुळे माझा आवाज मुळात बेतानं निघत नाही. त्यात त्या सकाळी पोटातून रेटा होता. समोरच्या इमारतीच्या वळचणीला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कबुतरं माझ्या हाकेसरशी उठली, ती थेट सदाशिव पेठेत गेली आणि अजून परतलेली नाहीत. केतकी म्हणते, ती रोजच जातात. असेल.

नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या, एक गॅलरी, तीन मुली आणि एक संडास. मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. केतकी कराडची, फार्मसीची. आणि तिसरी सुजाता, वर्ध्याची, राज्यसेवेची मुख्य परीक्षा देणारी. ती त्या वेळी गॅलरीत मास्क लावून उभी होती आणि मास्कच्या आत तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, आमच्यासाठी प्रार्थना करतेय. नंतर कळलं, राज्यपालांचे अधिकार पाठ करत होती.

येत्या रविवारी तिचा पहिला पेपर होता. मागच्या वेळी ती अगदी थोडक्यात राहिली होती, आणि यंदा घरी सांगून आली होती की ही शेवटची खेप. नाही झालं तर वर्ध्याला परत, तिथल्या शाळेत शिकवायचं. सुजाता शेवटचं म्हणते तेव्हा ते शेवटचंच असतं. ती चहासुद्धा दुसऱ्यांदा घेत नाही. म्हणून त्या आठवड्यात आमच्या घरात प्रश्न एकच होता: केतकीचं झालं, माझं सुरू झालं, आता सुजाताला होता कामा नये.

हे लिहितेय ते कॉट बेसिसवर, हॉस्टेलात, एका नळावर पाचजणी असं राहणाऱ्यांसाठी. तुमच्याकडेही हा पाहुणा येईल. आम्ही काय काय मूर्खपणा केला ते वाचा आणि त्यातला निम्मा तरी टाळा.

*

आणला केतकीनं. चुलत बहिणीच्या साखरपुड्याहून परत येताना स्वारगेटला उतरली तेव्हा ठीक होती, रिक्षात ठीक होती, जिन्यात मात्र थांबली आणि म्हणाली, "प्राजू, मला कसंतरीच होतंय." पुढचं वाक्य तिनं दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं.

मी उलट्या पाहिलेल्या आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या एसटीत वाढलेली मुलगी आहे मी. पण ही वेगळी होती. तिच्या आवाजानं खाली लावलेल्या दोन स्कूटरचे अलार्म वाजले. एवढ्याशा केतकीत, जिला तयार कपड्यांच्या दुकानात मुलांच्या विभागात पाठवतात, एवढा ऐवज राहत कुठे होता याचा मी अजून विचार करते.

तासाभरात घरच्या ग्रुपवर निरोप यायला लागले. निम्मा साखरपुडा आडवा झाला होता. मुलाकडचे म्हणत होते, मुलीकडचं पनीर. मुलीकडचे म्हणत होते, मुलाकडचे पेढे. लग्न मोडायची वेळ आली होती, पण भांडायला उठून बसण्याची ताकद दोन्ही बाजूंना कुणात नव्हती, म्हणून टिकलं.

*

आता आमची हुशारी ऐका. आम्ही करोनातून तावून सुलाखून निघालेली पिढी. साथ म्हटलं की आमचे हात आपोआप चालतात. केतकी चादरीत मुटकुळं होऊन पडली होती, तरी तिनं तिथूनच आज्ञा सोडल्या. सुजाताची घडीची कॉट गॅलरीत गेली. मास्क निघाले. केतकीनं त्या दिवसांत घेऊन ठेवलेला सॅनिटायझरचा भलामोठा कॅन पलंगाखालून बाहेर आला, आणि मी त्याची गंगा केली. सुजाताच्या ताटाला सॅनिटायझर, तिच्या बाटलीला सॅनिटायझर, गॅलरीच्या कडीला सॅनिटायझर, तिच्या नोट्सच्या प्लास्टिकच्या फायलीलासुद्धा. इतका उडवला की भिंतीवरची पाल दुपारी झिंगून ट्यूबलाइटवरून खाली आली आणि कुणाचीही वाट न अडवता सरळ रेषेत चालत निघून गेली.

सुजाताचं जेवण मी स्टुलावर ठेवायची, लांब सरकायची आणि मग म्हणायची, "घे." ती घ्यायची. एकदाच म्हणाली, "प्राजू, वाघाला वाढतेस का?"

शिवाय ऑक्सिमीटर. जुलाब लागलेल्या मुलीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून मी थोड्या थोड्या वेळानं आकडा वाचत होते. आकडा उत्तम होता. "ऑक्सिजन छान आहे तुझा," मी केतकीला धीर द्यायची, आणि तीही फार्मसीची विद्यार्थिनी असून मान डोलवायची.

न्हाणीघरातली साबणाची वडी झिजून चिंचोक्याएवढी झाली होती, ती केव्हाच मोरीत गेली. नवी कुणी आणली नाही. कशाला आणायची, एवढा कॅन असताना?

*

मग गुरुवार उजाडला आणि मी त्या बंद दारासमोर उभी राहून कुंडीची धमकी दिली.

पावसाळ्यात पेपरात बातमी येते ना, धरणाचे दरवाजे उघडले, विसर्ग वाढवला, नदीकाठच्या नागरिकांनी सावध राहावे. ती माझ्याबद्दल होती. मी लाजत नाही, कारण त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. मी फक्त नदी होते. दोन्ही बाजूंनी एकदम वाहणारी नदी भूगोलात शिकवत नाहीत, पण असते. मी आदल्या रात्री एक पोळी आणि वाटीभर वरण खाल्लं होतं. बाहेर आलं ते चौथीच्या सहलीपासूनचं सगळं. एका उलटीत मला मेथीचं पान दिसलं, आणि आमच्याकडे मेथी दिवाळीनंतर झालीच नव्हती.

गंमत अजून पुढेच आहे. त्या गुरुवारी पेठेत पाणी येणार नव्हतं. दुरुस्ती होती, तसं आधी पेपरात आलेलंही होतं. आम्ही पेपर घेतो, पण तो सुजाता वाचते, आणि तिला आम्ही गॅलरीत कोंडलेलं होतं. भरलेल्या बादल्या सकाळीच संपल्या. मी मग्ग्यात बघितलं तर तळाला माझाच चेहरा.

तेव्हा खालून शितोळे काकू वर आल्या. घर त्यांचं. तळमजल्यावर एकट्या राहतात. उभी नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, ट्रंक कॉल, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे परगावचे फोन, जोडण्यात. त्यामुळे त्यांचं बोलणं मोजकं, आणि तीन मिनिटं झाली की समोरच्याचं वाक्य अर्धं असलं तरी त्या कापतात. दारातूनच त्यांनी एकदा आत नजर फिरवली.

"इतकी वर्षं मला वाटायचं, भाडेकरू म्हणजे नुसता आवाज," त्या म्हणाल्या. "खाली पिंपात पाणी आहे. न्या. डॉक्टरकडे जा. आपण होऊन बरं व्हायचं असेल तर तसं सांगा, मी खिडक्या लावून घेते."

मी "नाही हो काकू, मी ठीक" असं म्हणायला तोंड उघडलं आणि दारातच कोसळले. केतकीचं म्हणणं, मी नुसती बसले. ज्यानं त्यानं आपली साक्ष द्यावी. मला पुढचं आठवतं ते रिक्षातलं.

*

दवाखाना छोटा, वर दोन खाटा टाकलेल्या. डॉक्टर चष्म्यावरून बघणारे. केतकी अजून काठीसारखी होती, पण मला आधार देऊन तीच घेऊन गेली होती, आणि प्रश्नांची उत्तरंही तीच देत होती.

"खबरदारी काय घेतलीत?"

केतकीनं अभिमानानं सांगितलं. मास्क, अंतर, सॅनिटायझर, ऑक्सिमीटर.

"ऑक्सिमीटर कुठे लावलात?"

"बोटाला."

"नशीब," डॉक्टर म्हणाले. "आणि साबण?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"साबण. वडी असते त्याची. ओली करून हाताला चोळतात."

"संपला होता," मी खाटेवरून म्हणाले.

"केव्हा?"

या प्रश्नाचं उत्तर कोर्टातसुद्धा मी देणार नाही.

मग त्यांनी नीट समजावलं, टोमणे बाजूला ठेवून. हा पोटाचा विषाणू आहे, दोन-तीन दिवसांत आपला आपण जातो, पण तोवर अंगात पाणी टिकवायचं. आणि तो तुमच्या त्या कॅनला फारशी भीक घालत नाही. त्याला हातावरून घालवायचा तो साबणानं, चांगलं चोळून, वाहत्या पाण्याखाली. फरशी, नळ, कड्या ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायच्या. तो हवेतून उडून येण्यापेक्षा हातावर बसून जास्त येतो.

हातावर बसून. मला एकदम गॅलरीची कडी दिसली. सुजाताचं ताट, तिची बाटली, तिची फाईल. तिच्या एकेका वस्तूला मी स्वतःच्या हातानं, जपून, मायेनं, सॅनिटायझर लावत फिरले होते. साबण सोडून सगळं केलं होतं.

"डॉक्टर, आमच्यातली एक अजून ठणठणीत आहे. रविवारी तिची परीक्षा आहे."

"मग तिच्यापासून लांब राहा," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "आता जमेल तेवढं."

*

सलाईन ही काय चीज आहे ते तोवर मला माहीत नव्हतं. सिस्टरनं सुई लावली, "मूठ मिटा, सोडा, बघू नका" एवढं एका दमात म्हणाली, आणि गेली. मी त्या बाटलीकडे बघत पडून राहिले. थेंब. मग थेंब. पाव बाटलीत मला आपण कुठे आहोत ते कळलं, अर्ध्या बाटलीत माझं नाव आठवलं, आणि पूर्ण संपली तेव्हा आडनावासकट पत्ता. साधं मीठ-पाणी. समुद्रातून निघालेल्या कुणीतरी कधीकाळी आपल्या अंगात एवढीशी खारट ओल ठेवली, आणि आपलं सगळं बोलणं, चालणं, वकिली तिच्यावर तरंगतंय. ती ओसरली की माणूस म्हणजे चादर. मला रडू आलं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. तेही नंतर, दुसऱ्या बाटलीत आलं.

तेवढ्यात आईचा फोन.

"काऊन वं, आवाज असा काऊन येऊन रायला?"

"काही नाही आई. ॲसिडिटी."

"व्हिडिओ लाव."

"नेट नाही चालत."

"बोलाले चालते अन् दिसाले नाई चालत? लाव मनलं ना." मी लावला. आईनं स्क्रीनमधून माझ्या डोक्यावरची बाटली बघितली. मग म्हणाली, "मी निघतो आज." ती म्हणजे अख्खी रात्र अन् अर्धा दिवस गाडीत बसून येणार, आणि घरात आजोबा अंथरुणावर. मी म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, येतो. मी म्हटलं, इथे तुलाही होईल, मग आजोबांना कोण बघेल? तेव्हा ती थांबली. तिनं फोन ठेवला नाही, नुसता हातात धरून कामं करत राहिली. मला भांड्यांचे आवाज येत होते. सलाईन संपेपर्यंत मी आमचं स्वयंपाकघर ऐकत पडले होते. आजारपणात कुणी काय करावं असं मला विचाराल तर हे करावं.

*

घरी आल्यावर पहिलं काम, साबण. केतकीनं चार वड्या आणल्या आणि प्रत्येक नळाशी एक ठेवली. आम्ही हात असे धूत होतो की माझी भाग्यरेषा पुसट झाली. पण सुजाताचं काय?

"मांजरी गावात तुझी आत्या राहते ना, तिच्याकडे जा," मी गॅलरीच्या दारातून, लांबून म्हणाले. "आज, आत्ता."

"तिथे वहिनीचं बाळ आहे. पाळण्यातलं."

"पण तुला अजून झालेलं नाही."

"झालं असेल तर घेऊन कशाला जाऊ?"

विषय संपला. ती वर्ध्याहून एवढ्या लांब, या एका परीक्षेसाठी आलेली मुलगी, आणि तिनं हा हिशेब वहीसुद्धा न मिटता केला. मी असते तर निदान चार वेळा इकडून तिकडे फेऱ्या मारून, मनाची घालमेल सगळ्यांना दाखवून मग केला असता.

संध्याकाळी काकू पुन्हा वर आल्या. "तिला खाली पाठवा. मागची खोली रिकामी आहे. संडास वेगळा आहे."

त्यांच्या उंबऱ्याच्या आत भाडेकरू गेल्याची आठवण पेठेत कुणालाही नाही. भाडंसुद्धा त्या दारात उभ्यानं घेतात. केतकीनं घाबरत विचारलं, "काकू, पण तुम्हाला झालं तर?"

"मला विचारून होणार आहे का?" काकू म्हणाल्या आणि सुजाताची उशी घेऊन जिना उतरल्या. खाली जाताच आधी त्यांनी साबणानं हात धुतल्याचा आवाज आला.

*

शुक्रवारभर आम्ही दोघी तिच्या पोटाकडे लक्ष ठेवून होतो. जिन्यात बसायचं आणि मागच्या खोलीकडे कान लावायचा. तिला ढेकर आली तरी केतकी माझा दंड धरायची. काही झालं नाही. आम्हाला वाटलं, चुकवलं.

शनिवारी सकाळी झालं.

मला वाटलं होतं ती रडेल, आमच्या नावानं बोटं मोडेल, निदान कॅनच्या नावानं तरी. ती उलटी करून आली, चूळ भरली, हात धुतले, आणि खिडकीतून म्हणाली, "मला वाचता येत नाहीये. अक्षरं हलतायत. तुम्ही वाचा."

मागच्या खोलीची खिडकी बोळात उघडते. आम्ही बोळात दोन खुर्च्या टाकल्या आणि तिच्या नोट्स मोठ्यानं वाचायला बसलो. केतकीचा आवाज अजून फुटका, माझा तर तुम्हाला माहीतच आहे. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी राज्यघटना अर्धी का होईना पाठ झाली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं पंचायत राजवर मला शंका विचारली. सुजाता आत जमिनीवर चटईवर, शेजारी बादली. काकू तिच्या उशाशी स्टुलावर, हातात मीठ-साखरेच्या पाण्याची वाटी.

"कलम तीनशे बावन्न," मी वाचलं, "राष्ट्रपती राजवट."

बादलीतून आवाज आला. मग आतून, अगदी बारीक: "छप्पन्न. बावन्न राष्ट्रीय आणीबाणी."

मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ही गोष्ट तुमच्या-माझ्यात राहू द्या.

दिवसभर हेच. ती कोसळायची, उठायची, चूक पकडायची. तिचे डोळे मिटलेले, ओठ पांढरे, आणि त्या अंधारात कुठेतरी पंचायत राज, करप्रणाली, समित्या, सगळं आपापल्या फळीवर जिथल्या तिथे. माझं तर सलाईनमध्ये आडनाव परत आलं होतं. मी वाचता वाचता थांबून तिच्याकडे बघत राहायची आणि केतकी मला कोपरानं ढोसायची.

"पाणी हवंय," सुजाता म्हणायची.

"चमचा," काकू म्हणायच्या. "एकच. हावरटपणा नको." पाच-पाच मिनिटांनी एक चमचा, दिवसभर. घटाघटा दिलं की उलटून पडतं, चमच्यानं टिकतं. पहिला चमचा पोटात राहिला तेव्हा बोळात आम्ही दोघी उभ्या राहिलो, राष्ट्रगीताला राहतात तशा. अंधार पडायच्या आधी उलट्या थांबल्या.

डॉक्टरांना फोन लावला. "बरं वाटल्यावरही दोन दिवस माणसांत जाऊ नये, असं मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले. "तुम्हाला सांगून उपयोग आहे का?"

"नाही," सुजाता म्हणाली.

"मग तिथल्या माणसांना आधी सांगा. कोपऱ्यात बसा. साबण न्या, तो कॅन नको."

जावं की जाऊ नये यावर मतं असू शकतात. आमच्या जिन्यातही तीन होती. मी फक्त काय झालं ते सांगतेय.

*

केंद्र एका शाळेत होतं. सुजातानं फाटकातच पर्यवेक्षकांना सगळं सांगितलं. ते ऐकताना मागे सरकत गेले, ते बहुधा पुढच्या वर्गापर्यंत; पण माणूस भला, त्यांनी तिचं बाक सगळ्यांपासून तोडून दाराशी लावून दिलं आणि म्हणाले, "कधीही उठा. विचारू नका. हात वर करत बसू नका."

आम्ही बाहेर फुटपाथवर बसलो. मी, केतकी, आणि शितोळे काकू, ज्या दूध आणायलासुद्धा लक्ष्मी रस्ता ओलांडत नाहीत. आणलं कुणी नव्हतं त्यांना. रिक्षात आधीच बसलेल्या होत्या. मांडीवर थर्मासमध्ये भाताची पेज, पिशवीत टॉवेल, जास्तीची सलवार. कशासाठी ते कुणी बोललं नाही.

तीन तास. माणसाला वाटतं, वाट बघणं म्हणजे काही न करणं. मी त्या तीन तासांत मनातल्या मनात सुजाताला त्या बाकावरून उठवलं, व्हरांड्यातून पळवलं, परत आणून बसवलं, पुन्हा उठवलं. पेपर अर्धा राहिला असेल. घाम आला असेल. अक्षरं हलत असतील. केतकी नखं खात होती, मग आठवून साबणानं हात धुऊन आली, मग पुन्हा खात होती. मला आपलं सारखं वाटत होतं की एवढासा, डोळ्यांना न दिसणारा ठिपका एका मुलीची दोन वर्षं खाऊन बसू शकतो, आणि त्याला त्याचं काहीच नाही. तो नळावर बसलाय, पुढच्या हाताची वाट बघत.

घंटा झाली. पोरं-पोरी लोंढ्यानं बाहेर आल्या. बोलत, हातवारे करत, प्रश्न सांगत. ती नाही. लोंढा पातळ झाला. ती नाही. काकू उभ्या राहिल्या. फाटकाशी एकटा शिपाई उरला, तेव्हा ती आली, भिंतीला हात लावत, खडूसारखी पांढरी. निकाल अजून लागायचाय, म्हणून पुढचं मला माहीत नाही. पण ती तेवढं अंतर चालत आली ते बघताना मला जे वाटलं ते आजवर कुठल्या मोठ्या माणसाकडे बघतानाही वाटलेलं नाही.

काकूंनी थर्मासचं झाकण उघडून पेज ओतली, तिच्या हातात दिली आणि विचारलं, "किती वेळा उठावं लागलं?"

सुजातानं एक घोट घेतला.

"उठले नाही," ती म्हणाली. "पेपर लांबलचक होता."